थोड्या खर्चाची, खऱ्या निवडीची निवडणूक

नगरपालिकेची निवडणूक जवळ आली, की तिची पहिली चाहूल गणपतीच्या मांडवात लागते, हे उत्सवाच्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन गेल्यावर एरवी दाराच्या फटीतून बोलणारी माणसे त्या वर्षी आत बोलावून चहा पाजतात. कुणी कमानीचा खर्च उचलतो, कुणी महाप्रसादाचे तूप पाठवतो, कुणी स्मरणिकेचे मलपृष्ठ आगाऊ पैसे देऊन राखून ठेवतो. देणगीदाराच्या मनात श्रद्धा नसते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण निवडणूक आटोपली की पुढच्या वर्षी ही श्रद्धा बरीच आटते, हाही अनुभव गावोगावचा आहे.

निवडणुका महाग झाल्या, अशी तक्रार आपण सगळेच करतो. लोकसभेची निवडणूक महाग होण्याची कारणे समजू शकतात. मतदारसंघ मोठा, अंतरे लांब, मतदार लाखांनी. पण ज्या गावात उमेदवाराला चालत चालत प्रत्येक घरी जाता येते, ज्या प्रभागात निम्मे मतदार त्याला नावाने ओळखतात, तिथे पैसा कशाला लागावा? आणि काटकसरीने, सचोटीने लहान गावची निवडणूक लढवण्याचे प्रयत्न आपल्या देशात कधी झाले का? झाले असतील तर त्यांचे काय झाले? या प्रश्नांच्या अनुषंगाने आपल्या स्थानिक निवडणुकांच्या इतिहासाकडे थोडे पाहू या.

मूठभर मतदारांचा काळ

आपल्याकडील स्थानिक स्वराज्याची सुरुवात साधारणपणे लॉर्ड रिपनच्या १८ मे १८८२ च्या ठरावापासून मानली जाते. त्याआधीही नगरपालिका होत्या, पण त्यांतले बहुतेक सभासद सरकार नेमत असे. रिपनने म्हटले, की स्थानिक मंडळांत बिनसरकारी सभासदांचे बहुमत असावे, शक्य तिथे त्यांची निवडणूक व्हावी, आणि या कामाकडे लोकांच्या राजकीय शिक्षणाचे साधन म्हणून पाहावे. कारभार सुरुवातीला थोडा ढिसाळ झाला तरी चालेल, पण लोक शिकतील, असा त्यामागचा विचार होता. मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने जिल्ह्यांतील नगरपालिकांत निवडून आलेल्या सभासदांना जागा मिळाल्या.

या शाळेत पुढे देशातली फार मोठी माणसे शिकली. सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना देणारे लोकमान्य टिळक १८९५ साली पुणे नगरपालिकेवर निवडून आले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी याच नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवले. सेलमसारख्या आडबाजूच्या गावात राजगोपालाचारी १९१७ मध्ये नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. अहमदाबादेत वल्लभभाई पटेल १९१७ साली नगरपालिकेत शिरले आणि १९२४ ते १९२८ या काळात तिचे अध्यक्ष राहिले. अलाहाबादेत जवाहरलाल नेहरूंनी १९२३ ते १९२५ या काळात हेच काम केले. गटारे, नळ, दिवाबत्ती आणि जकात यांचा हिशेब या सर्वांनी आधी केला. देशाचा हिशेब नंतर.

या काळातल्या निवडणुका आजच्या मानाने फारच स्वस्तात होत. म्हणून जुनी मंडळी उसासा टाकून त्या काळाची आठवण काढतात. पण त्या स्वस्ताईचे मुख्य कारण सचोटी हे नव्हते. मताचा अधिकारच मुळात थोड्यांना होता. ठरावीक कर भरणारा, मालमत्ता असणारा किंवा शिकलेला माणूस तेवढा मतदार. गल्लीतला न्हावी, घरकाम करणारी बाई, भाड्याच्या खोलीत राहणारा गिरणी कामगार, नगरपालिकेचा झाडूवाला यांच्या दारी जायचेच नव्हते. मतदार शे-दोनशे, आणि तेही एकमेकांच्या ओळखीतले. मग खर्च व्हायचा कशावर?

याच काळात काटकसरीचा एक खरा प्रसंगही घडला, आणि तो निवडून न आलेल्या सभासदाच्या नावावर आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून त्यांच्या स्वागताच्या थाटमाटावर नगरपालिकेचा पैसा खर्च करण्याची सूचना आली, तेव्हा एकट्या जोतीरावांनी तिला विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. निवडणुकीचा थाट आणि नगरपालिकेचा थाट यांचे नाते जवळचे आहे. ज्याने पहिल्यावर पैसे ओतले, त्याला दुसऱ्यातून ते काढावेसे वाटतात. जोतीरावांना कुणाचे काही परत करायचे नव्हते, म्हणून ते विरोधात हात वर करू शकले.

प्रत्येकाला मत मिळाले तेव्हा

स्वतंत्र भारताने एका झटक्यात प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत दिले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांची संख्या सुमारे १७ कोटी होती आणि त्यांतल्या बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी यावर जो मार्ग काढला तो आपल्याला ठाऊक आहे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी, तिच्यावर त्याचे चिन्ह, आणि मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. चिन्हामुळे एक मोठा खर्च वाचला. गरीब उमेदवाराला आपले नाव लाखो लोकांच्या नजरेत बसवण्याऐवजी एक झोपडी किंवा बैलजोडी लक्षात आणून दिली की पुरे होते. मतदारयाद्या करणे, मतपेट्या पुरवणे, मतदान केंद्रे उभारणे हे सगळे सरकारी खर्चाने झाले. निवडणुकीतला मोठा खर्च जनतेने मिळून उचलायचा, हे तत्त्व तेव्हापासून आपण मान्य केले आहे.

उमेदवाराने काय करू नये हेही १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने सांगितले. पैसे किंवा भेट देऊन मत मागणे हा भ्रष्टाचार. धर्म, जात, भाषा यांच्या नावाने मत मागणे हा भ्रष्टाचार. मतदारांना केंद्रावर नेण्या-आणण्यासाठी गाड्या भाड्याने घेणे हाही भ्रष्टाचार. पुढे असेही ठरले, की प्रत्येक पत्रकावर छापणाऱ्याचे आणि प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव-पत्ता असलाच पाहिजे. निनावी पत्रक काढून कुणाची बदनामी करायची सोय राहू नये. खर्चालाही मर्यादा घातली आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब देण्याचे बंधन आले. नगरपालिका आणि पंचायतींचे कायदे राज्याराज्यांचे वेगळे असले, तरी त्यांतही याच धर्तीची बंधने आहेत.

मग गाडी कुठे घसरली? १९७१ च्या निवडणुकीनंतर दिल्ली सदर मतदारसंघातला एक वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्याचा निकाल ऑक्टोबर १९७४ मध्ये लागला. न्यायालय म्हणाले, की उमेदवाराच्या माहितीत आणि संमतीने पक्षाने किंवा मित्रांनी केलेला खर्चही त्याच्याच खात्यावर धरला पाहिजे, नाहीतर मर्यादेला अर्थ उरणार नाही. चावला यांची निवड रद्द झाली. याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून कायदाच बदलला. पक्षाने, मित्रांनी, हितचिंतकांनी केलेला खर्च उमेदवाराच्या खर्चात धरायचा नाही, असे ठरले. समोरचे दार बंद ठेवून परसदार सताड उघडले म्हणावे तसे हे झाले. २००३ च्या दुरुस्तीने ही पळवाट बरीच आवळली, पण राजकीय पक्षाच्या एकूण खर्चावर मर्यादा अजूनही नाही. उमेदवाराची मर्यादा मात्र वाढत गेली. लोकसभेसाठी मोठ्या राज्यांत २०२२ पासून ती ९५ लाख रुपये आहे.

हा सगळा दिल्लीचा इतिहास गावच्या निवडणुकीत कशासाठी, असे कुणी विचारील. त्याचे कारण असे, की वरची सवय खाली झिरपते. मोठ्या निवडणुकीत 'हितचिंतक' नावाचा जो प्राणी जन्माला आला, तोच पुढे गावच्या चौकात वाढदिवसाचे फलक लावू लागला.

नगरपालिकांना घटनेत जागा

पूर्वी नगरपालिका बरखास्त करून वर्षानुवर्षे प्रशासक बसवणे राज्य सरकारांना सहज जमत असे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी हे चित्र बदलायचा प्रयत्न केला. पंचायतींची दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून आणि नगरपालिकांची १ जून १९९३ पासून अमलात आली. दर पाच वर्षांनी निवडणूक, स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, आणि या निवडणुका घेण्यासाठी प्रत्येक राज्यात स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, अशी ही व्यवस्था आहे.

खर्चाच्या मर्यादा आता हे राज्य आयोग ठरवतात. उदाहरणादाखल केरळ घ्या. तिथे २०२० च्या स्थानिक निवडणुकीत ग्रामपंचायतीच्या उमेदवाराला २५ हजार, नगरपालिकेच्या उमेदवाराला ७५ हजार आणि महानगरपालिकेच्या उमेदवाराला दीड लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा होती. शिक्षिका, निवृत्त कारकून किंवा छोटा दुकानदार चार लोकांकडून वर्गणी काढून उभा राहू शकेल, अशा या रकमा आहेत. म्हणजे कायद्याच्या नजरेतली गावची निवडणूक आजही स्वस्त आहे. महाग आहे ती वहीत न लिहिलेली निवडणूक. ढाब्यावरची जेवणे, शेवटच्या रात्रीची पाकिटे, मंडळांना दिलेल्या भेटी, बाहेरगावच्या मतदारांसाठी सोडलेल्या गाड्या हा खर्च कोणत्याच रकान्यात बसत नाही.

बिनविरोधचा मोह

या खर्चाला आणि भांडणांना कंटाळून अनेक गावांनी एक सोपा उपाय शोधला. निवडणूकच नको, सगळे बसून बिनविरोध ठरवू. गुजरातेत २००१ पासून 'समरस ग्राम' योजना आहे. एकमताने पंचायत निवडणाऱ्या गावाला सरकार जादा अनुदान देते. महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे उदाहरण सर्वश्रुत आहे. पाणलोटाच्या कामाने नावारूपाला आलेल्या या गावात तीन दशके निवडणूक बिनविरोध होत होती. जानेवारी २०२१ मध्ये मात्र तिथे मतदान झाले आणि लोकांनी जुन्याच नेतृत्वाच्या पॅनेलला निवडून दिले. विरोधात कुणी उभे राहिले म्हणून गाव मोडले नाही. उलट तीस वर्षांचा विश्वास मतपेटीतून मोजला गेला.

पण त्याच वेळी बिनविरोधची दुसरी बाजूही पुढे आली. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत सरपंचपदाचा आणि सदस्यपदांचा चक्क लिलाव झाल्याचे उघड झाले, आणि राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तिथली निवडणूक रद्द केली. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली होती आणि तो पैसा देवळाच्या कामासाठी म्हणून ठरला होता. काम देवाचे होते, पैसा गावातच राहणार होता, भांडणतंटा नव्हता, प्रचाराचा खर्चही शून्य होता. तरीही आयोगाने ते मोडले हे योग्यच झाले. कारण ज्याच्याकडे दोन कोटी नाहीत त्याने सरपंच होण्याचे स्वप्नही पाहू नये, असा त्याचा अर्थ होता.

म्हणजे काटकसर आणि न्याय या नेहमी हातात हात घालून चालतातच असे नाही. इंग्रजांच्या काळात निवडणूक स्वस्त होती, पण गरिबाला मत नव्हते. बिनविरोध निवडणूक स्वस्त असते, पण कधी कधी पर्याय नसतो. आपल्याला हवी आहे ती सर्वांना मत असलेली, दोन-चार उमेदवार असलेली, आणि तरीही गरिबाला परवडेल अशी निवडणूक. अशी निवडणूक शक्य आहे का?

मिझोरामने काय केले

या प्रश्नाचे एक उत्तर देशाच्या ईशान्य टोकाला सापडते. मिझोराम हे सुमारे ११ लाख वस्तीचे (२०११ ची जनगणना) डोंगराळ राज्य. पूर्वी तिथे गावागावांचे मुखिये असत आणि त्यांचे पद वंशपरंपरेने चाले. १९५४ च्या कायद्याने मुखियांचे हक्क संपुष्टात आले आणि निवडून आलेल्या ग्रामपरिषदा त्यांच्या जागी आल्या. पुढे १९६६ पासून वीस वर्षे बंडाळीत गेली. १९८६ च्या शांतता करारानंतर २० फेब्रुवारी १९८७ रोजी राज्य अस्तित्वात आले. शांतता आली तशी निवडणुकीची चुरसही आली, आणि चुरशीमागून जेवणावळी, गाड्यांचे ताफे, झेंडे-पताकांची स्पर्धा आलीच.

२००६ साली तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या पुढाकाराने 'मिझोराम पीपल्स फोरम' ही संस्था निघाली. तिने उमेदवारांना नुसता उपदेश केला नाही. २००८ च्या विधानसभा निवडणुकीआधी तिने राजकीय पक्षांना एकत्र बसवले आणि सगळ्यांच्या सह्या घेऊन एक करारनामा केला. जेवणावळी घालायच्या नाहीत, फलक-झेंड्यांची संख्या मर्यादित ठेवायची, घरोघर जाऊन मते मागायची नाहीत, आणि सभा घ्यायच्या त्या शक्यतो फोरमने भरवलेल्या एकाच व्यासपीठावर. त्या व्यासपीठावर सगळे उमेदवार शेजारी शेजारी बसतात, प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळतो, आणि लोक ऐकतात. गावोगावी फोरमच्या स्थानिक समित्या आहेत. करार कोण मोडतो यावर त्यांची नजर असते. ऐझॉल नगर परिषदेची पहिली निवडणूक २०१० साली झाली, १९ प्रभागांची आणि त्यांतले सहा स्त्रियांसाठी राखीव. ही रीत पुढे नगरपालिका आणि ग्रामपरिषदांच्या निवडणुकांतही उतरली.

हा प्रयोग का टिकला? एकच उमेदवार काटकसर करू लागला तर तो मागे पडतो. शेजारच्याचे शंभर फलक आणि याचे दहा; लोक म्हणतात, याला निवडणूक गांभीर्याने लढवायची नाही. पण सगळ्यांनी एकाच दिवशी शंभराचे दहा केले, तर कुणाचेच नुकसान होत नाही. खर्च सगळ्यांनाच नको असतो. पण आधी हात आखडता घ्यायची कुणाची तयारी नसते. ही कोंडी उमेदवाराला एकट्याने फोडता येत नाही, कायद्यालाही लांबून फोडता येत नाही. ती फोडायला ज्याच्या शब्दाला सगळे मानतात असे, पण स्वतः उमेदवार नसलेले, गावातलेच कुणीतरी लागते. मिझोराममध्ये ते काम चर्चने केले.

या प्रयोगाच्या उणिवाही नजरेआड करू नयेत. तिथला समाज बहुतांशी एका धर्माचा. तसा एकोपा आपल्या मिश्र वस्तीच्या गावांत नसतो. धर्मसंस्थेने राजकारणावर इतकी छाया धरावी का, असा आक्षेपही घेता येतो आणि तो वावगा नाही. घरोघर जायला मनाई केली की आधीपासून नाव असलेल्या उमेदवाराचा फायदा होतो. नवखा, विशेषतः स्त्री उमेदवार, मागे राहू शकते. म्हणून मिझोरामची नक्कल करण्यापेक्षा त्यातले मर्म घ्यावे हे बरे.

एका प्रभागाचा हिशेब

आपल्याकडच्या छोट्या नगरपालिकेतला एक प्रभाग समजा तीन हजार मतदारांचा आहे. घरटी चार मतदार धरले तर साडेसातशे घरे झाली. संध्याकाळच्या तीन तासांत, एका घरी चार-पाच मिनिटे बोलत, चाळीस घरे होतात. म्हणजे एकोणीस-वीस संध्याकाळी उमेदवार सगळ्या प्रभागाला भेटून येतो. लागतात ते चपलांचे जोड. आधी मतदारयादी नीट वाचली, कुणाचे नाव गळले, कोण वारले, कोण बदलून गेले हे पाहिले आणि मुदतीत अर्ज भरून घेतले, तर अर्धा प्रचार तिथेच होतो. ज्याचे नाव यादीत लावून दिले, तो उमेदवाराला विसरत नाही.

पत्रक एकच असावे, एका पानाचे. त्यात पाच गोष्टी पुरेत, आणि त्या नगरपालिकेच्या हातातल्या असाव्यात. नळाला किती वाजता पाणी येते, कचऱ्याची गाडी कोणत्या गल्लीत येत नाही, शाळेजवळचा दिवा किती महिने बंद आहे. घरोघर जाताना याच गोष्टी कानावर पडतात. त्या लिहून घेणारा उमेदवार आणि नुसते हात जोडून पुढे जाणारा उमेदवार, यांतला फरक बायकांना लगेच कळतो; पाण्याची वेळ पाळायला दारात उभ्या असतात त्या त्याच.

वर्गणी घ्यायचीच तर लहान लहान घ्यावी, पावती द्यावी आणि मर्यादा ठरवावी. पाचशे रुपयांचे पन्नास देणगीदार असले की पंचवीस हजार होतात, आणि त्यांपैकी कुणीही नंतर 'माझे बांधकाम तेवढे बघा' असे म्हणू शकत नाही. एकट्याने पंचवीस हजार देणारा मात्र म्हणतो. हिशेबाची वही कार्यालयात उघडी ठेवावी. निवडणूक झाल्यावर आयोगाला जो हिशेब द्यायचा, तोच एका कागदावर लिहून चौकातल्या फळ्यावर लावला, तर त्याचा धाक पुढच्या निवडणुकीतल्या सगळ्यांनाच राहील. हरलेल्या उमेदवारानेही तो लावावा. आणि प्रतिस्पर्ध्याविषयी जे तोंडावर बोलता येत नाही ते पत्रकात छापू नये. निकालानंतर त्याच्याशी एकाच रेशनच्या रांगेत उभे राहायचे असते.

आपण यात कुठे?

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची एक अडचण आहे. नोकरी इथे, घर इथे, मुलांची शाळा इथे. पण मतदारयादीत नाव मात्र अजून गावाकडे. कायद्याप्रमाणे माणूस जिथे नेहमी राहतो तिथल्याच यादीत त्याचे नाव असावे, आणि दोन ठिकाणी तर असूच नये. गावाकडच्या मातीची ओढ समजण्यासारखी आहे. पण गावच्या पंचायतीच्या मतदानाला फुकट बसमध्ये बसून जाणारा माणूस त्या ओढीपेक्षा बसच्या भाड्याने बांधला जातो, आणि ते भाडे गाव पुढची पाच वर्षे फेडत राहते. उलट इथल्या नगरपालिकेत ज्याचे मत नाही, त्याला इथल्या गटाराबद्दल तक्रार करायला तोंड कुठले? आपल्याला 'बाहेरचे' म्हणतात अशी खंत पुष्कळदा कानावर येते. यादीतले नाव हा त्यावरचा पहिला उपाय आहे.

दुसरी गोष्ट मंडळाची. मिझोराममध्ये जे काम चर्चने केले, त्याचा थोडा वाटा आपण उचलू शकतो. पण मांडवात मात्र नको. देवाच्या दारात प्रचार करू नये हे आचारसंहिताही सांगते, आणि धार्मिक संस्थांच्या जागेचा राजकारणासाठी वापर करायला १९८८ च्या कायद्याने मनाई आहे. शिवाय आपण एकट्यांनी काही केले तर ते 'मराठी लोकांचे' होऊन बसेल. म्हणून शेजारच्या तेलुगू, बंगाली, गुजराती, पंजाबी मंडळींना, स्थानिक भाषेच्या संस्थांना, मशिदीच्या आणि गुरुद्वाराच्या मोहल्ल्यातल्या जाणत्यांना बरोबर घेऊन, एखाद्या शाळेच्या मैदानावर, उत्सवाशी संबंध नसलेल्या दिवशी, प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलवावे. प्रत्येकाला दहा मिनिटे. प्रश्न चिठ्ठीवर लिहून. सूत्रसंचालकाने कुणाचाही हार घालून सत्कार करायचा नाही. ध्वनिक्षेपक, सतरंज्या आणि चहा यांचा खर्च सगळ्या संस्थांनी वाटून घ्यावा, आणि निवडणूक कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी. सभा भरवणे, वेळ पाळणे, शंभर माणसांना चहा देणे ही कामे आपल्या कार्यकर्त्यांना नवी नाहीत. व्याख्यानमालांची परंपरा आपल्या उत्सवांनी शंभर वर्षे चालवली आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. निवडणुकीच्या वर्षात इच्छुकांकडून कमानी, प्रसाद आणि जाहिराती घ्यायच्या का? मंडळाने आधीच ठराव करावा, की त्या वर्षी कोणत्याही इच्छुकाकडून इतर सभासदांइतकीच वर्गणी घेतली जाईल, जास्त नाही. मांडव थोडा लहान होईल. रोषणाईच्या माळा चार कमी लागतील. स्मरणिकेची पाने, ही पाने धरून, कमी होतील. पण हे एकाच मंडळाने करून चालायचे नाही, कारण मग तो पैसा पलीकडच्या मंडळाकडे जाईल आणि आपल्या कार्यकर्त्यांचा हिरमोड होईल. मिझोरामच्या पक्षांनी सह्या केल्या तशा गावातल्या सर्व मंडळांनी एकत्र बसून सह्या कराव्यात. दुर्गापूजा समित्या आणि रामलीला समित्या त्यात आल्या तर दुधात साखर.

जोतीराव ज्या नगरपालिकेत होते, तिथे सामान्य माणसाला मत नव्हते. आज आहे. आपल्या हातात ते अधिक आहे, आणि त्यामुळे ते विकण्याची सोयही अधिक आहे. पुढची निवडणूक येईल तेव्हा आपला प्रभाग पंचवीस हजारांत लढला जातो की पंचवीस लाखांत, हे उमेदवार एकटा ठरवणार नाही. त्याला दारात उभे राहून काय मागायचे आणि काय नाकारायचे, हे ठरवणाऱ्या साडेसातशे घरांत आपलीही घरे आहेत. ती सुबुद्धी बुद्धिदात्याने आपल्या सर्वांना द्यावी, हीच या वर्षीच्या उत्सवात प्रार्थना.